विद्यापीठातली सामायिक तंत्रज्ञान-मानकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातली मोठी विद्यापीठं कॅम्पसच्या कुंपणात मावत नाहीत. मुंबई विद्यापीठाचा कारभार दक्षिण मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत चालतो. पुण्याच्या विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे आहेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला सांगली-सातारा जोडलेले आहेत. शेकडो संलग्न महाविद्यालयं, प्रत्येकाचा वेगळा कॉम्प्युटर, वेगळं सॉफ्टवेअर, वेगळी सवय, आणि शेवटी सगळ्यांची माहिती एकाच परीक्षा विभागात येऊन पडते. अशाच एका विद्यापीठाच्या संगणक विभागात मी बरीच वर्षं काढली. लिपिक, ग्रंथपाल, प्राचार्य, संगणक समन्वयक यांनी फोनवर आणि कार्यशाळांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह देतो आहे.

मानक म्हणजे सगळ्यांनी एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं का?

नाही. प्लंबरला विचारा. नळ कोणत्याही कंपनीचा आणा, आटे अर्ध्या इंचाचे असले की तो बसतो. मानक असतं ते आट्यांचं. तुमच्या महाविद्यालयात प्रवेशाचं सॉफ्टवेअर कुणाचंही असू दे. पण तिथली यादी पात्रता विभागाकडे, तिथून परीक्षा विभागाकडे आणि तिथून डिजिलॉकरमध्ये जाते, तेव्हा विद्यार्थ्याचा क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि विषयाचा संकेतांक या चार गोष्टी प्रत्येक ठिकाणी सारख्याच लिहिलेल्या हव्यात. माहिती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते त्या जागेपुरतं सगळ्यांनी एकमत करायचं. बाकी ज्याचं त्याचं.

मी हे आग्रहाने सांगतो, कारण 'एकच सॉफ्टवेअर सर्वांना' या मार्गाने गेलेल्या योजना कंत्राट संपलं की कोलमडतात. मानक लिहून ठेवलेलं असेल तर पुरवठादार बदलला तरी यादी तीच राहते.

हे ठरवायचा अधिकार कुणाला?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठाच्या प्राधिकरणांत माहिती तंत्रज्ञान मंडळ स्वतंत्रपणे दिलेलं आहे. कायदा मार्च २०१७ पासून लागू आहे. पण अनेक महाविद्यालयांना या मंडळाचं नावही माहीत नसतं, कारण परिपत्रकं येतात ती परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडून किंवा पात्रता विभागाकडून. प्रत्येक विभाग आपापला नमुना पाठवतो. एकाच महाविद्यालयाला एकाच विद्यार्थ्याची माहिती पाच नमुन्यांत भरावी लागते ती यामुळेच.

माझं स्पष्ट मत आहे की मसुदा माहिती तंत्रज्ञान मंडळाने करावा, पण त्या बैठकीत निदान दोन-तीन महाविद्यालयांतले प्रत्यक्ष टेबलावर बसणारे लिपिक असावेत. 'आईचं नाव' हा रकाना कुठे अडतो हे प्राध्यापकाला सहसा माहीत नसतं. जुलैत खिडकीसमोर ऐंशी मुलांची रांग सांभाळणाऱ्या ताईंना ते तोंडपाठ असतं. मग मसुदा एक सत्र पाच-सहा महाविद्यालयांत वापरून पाहायचा. त्यात एखादं शहरातलं, एखादं तालुक्याच्या गावातलं, एखादं फक्त बी.एड.चं असावं. नंतरच सर्वांना लागू करायचा. परीक्षेचे अर्ज सुरू असताना तर कधीच नाही.

परिपत्रकात 'करावे' लिहिलं असेल तर ते सक्तीचं की ऐच्छिक?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारी मराठीत 'माहिती सादर करावी' म्हणजे हुकूम. आणि 'शक्यतो युनिकोडचा वापर करावा' म्हणजे कुणीही न पाळायची सूचना. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला जागतिक संकेतांक.) क्रियापद एकच, अर्थ दोन. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. त्यांनी १९९७ साली आरएफसी २११९ या छोट्याशा टिपणात सक्तीचा शब्द कोणता, शिफारशीचा कोणता आणि मुभेचा कोणता हे बांधून टाकलं. आम्ही आमच्या मसुद्यात मराठीतून तेच केलं. 'केलेच पाहिजे' म्हणजे न केल्यास फाइल परत येईल. 'करावे' म्हणजे न करण्याचं कारण लेखी कळवायचं. 'करता येईल' म्हणजे तुमची मर्जी. हे तीन अर्थ पहिल्या पानावर छापले आणि फोन निम्म्याहून कमी झाले असं मला तेव्हा जाणवलं. मोजदाद मात्र ठेवली नव्हती.

सुरुवात कुठून करायची?

विद्यार्थ्याच्या क्रमांकापासून. एक जूनची गोष्ट सांगतो. एका महाविद्यालयातून तृतीय वर्षाची यादी आली. नावं बरोबर, विषय बरोबर, पण झाडून सगळ्या पीआरएनचा (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाचा) शेवटचा अंक शून्य. लिपिक ताईंनी सकाळभर बसून एकेक क्रमांक टाकला होता. टाकताना बरोबर होता, नंतर पाहिला की शून्य. त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्यांची मुळीच नव्हती. पीआरएन १६ अंकी होता आणि एक्सेल आकड्याचे फक्त १५ अंक जपतं, पुढच्याच्या जागी शून्य ठेवतं. त्यामुळे एकापाठोपाठ क्रमांक असलेले दहा-दहा विद्यार्थी एकाच क्रमांकावर जाऊन बसले होते.

उपाय एका ओळीचा आहे: पीआरएन, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा क्रमांक), मोबाइल, पिनकोड हे आकडे नाहीत, मजकूर आहेत. त्यांची बेरीज कुणी करत नाही. म्हणून रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मगच भरायचा. विद्यापीठाने तयार नमुना फाइल दिली, त्यात हे रकाने आधीच टेक्स्ट करून ठेवले, तर महाविद्यालयाला हे लक्षातही ठेवावं लागत नाही. १२ अंकी अपार क्रमांकाचे अंक गळत नाहीत, पण न सांगता ठेवला तर तो पडद्यावर '१.२३ई+११' अशा रूपात दिसतो आणि कुणीतरी तेच कॉपी करून पुढे पाठवतं.

महाविद्यालयाचा संकेतांकही असाच ठरलेला हवा. केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणातला आयशे कोड प्रत्येक महाविद्यालयाला मिळालेला असतो. विद्यापीठाचा स्वतःचा कोड ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी आयशे कोडचा रकाना ठेवलाच पाहिजे.

नाव कसं लिहायचं? आडनाव आधी की नंतर?

आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आईचं नाव असा क्रम असतो. बाहेरून आलेल्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये फक्त 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोन रकाने असतात. मग कुणी वडिलांचं नाव पहिल्यात कोंबतं, कुणी दुसऱ्यात, कुणी आईचं गाळून टाकतं. यूजीसीने २०२१ साली अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम काढले, श्रेयांक आता त्या खात्यात जमा होतात आणि खातं जुळायला नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. सावंतवाडीची मुलगी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन एम.ए.साठी गोवा विद्यापीठात जाते, तेव्हा तिच्या नावातली एक जागा इकडची तिकडे झालेली असली तर खेटे तिलाच घालावे लागतात.

म्हणून चारही भाग वेगळ्या रकान्यांत ठेवायचे, शिवाय 'गुणपत्रिकेवर छापायचं पूर्ण नाव' हा पाचवा रकाना, जो विद्यार्थ्याने स्वतः वाचून मान्य केलेला असेल. वडिलांचं नाव सक्तीचं करू नका. ज्यांना फक्त आईचं नाव लावायचं आहे आणि ज्यांना एकच नाव आहे, त्यांना त्या रकान्यात टिंब टाकून पुढे जावं लागू नये. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही नावं साठवा. एकावरून दुसरं यंत्राने तयार करू नका, कारण इंग्रजीतल्या 'साठे'चं परत मराठीत काय होईल याचा भरवसा नाही.

आम्ही युनिकोडमध्येच टाइप करतो. तरी नाव शोधल्यावर सापडत का नाही?

कारण युनिकोडमध्येही काही मराठी अक्षरं दोन रीतींनी लिहिता येतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, आत वेगळी.

'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. एक कीबोर्ड तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून लिहितो. दुसरा साध्या 'र'ला हलंत लावून त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवतो. छापल्यावर फरक कळत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी आडनावं वाटतात. 'ॲ'चंही तसंच. काही जण 'अ'वर चंद्र देतात, तर काहींच्या कीबोर्डवर आख्खं 'ॲ' आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. 'ॲग्रिकल्चर' विषय शोधला की अर्धीच महाविद्यालयं मिळतात ती यामुळे.

युनिकोडची स्वतःची सामान्यीकरणाची पद्धत आहे, तिला एनएफसी म्हणतात. नुक्ता देऊन लिहिलेला 'र' ती 'ऱ' करते. पण वरची दोन उदाहरणं तिच्या आवाक्यात येत नाहीत. ती विद्यापीठाने स्वतःच्या नियमाने बदलून घ्यावी लागतात. माहिती आत घेतानाच एक छोटा प्रोग्रॅम ही रूपं एकसारखी करतो. हे काम एका दुपारचं आहे, पण कुणीतरी 'आमच्याकडे अधिकृत रूप हे' असं लिहून द्यावं लागतं. शिवाय फाइल साठवताना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, निवडायचं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) साठवताना एक्सेलमध्ये नुसती 'सीएसव्ही' आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' अशा दोन निवडी दिसतात. पहिली घेतली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि ती परत नावं होत नाही.

जन्मतारखेच्या चुका इतक्या का होतात?

०३/०४/२००५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. अमेरिकन मांडणीवर लावलेल्या कॉम्प्युटरला ४ मार्च. महिन्याच्या १३ तारखेला किंवा नंतर जन्मलेल्यांची गडबड लगेच उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. १२ तारखेच्या आत जन्मलेल्यांची चूक बिनबोभाट पुढे जाते आणि पासपोर्ट काढताना कळते. साठवताना आणि पाठवताना २००५-०४-०३ असंच, म्हणजे वर्ष-महिना-दिवस. आयएसओ ८६०१ हे तारखांचं आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं. छापताना मात्र खुशाल आपल्या पद्धतीने छापा.

घड्याळाचंही मानक लागतं का?

लागतं. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते आणि ठरलेल्या मिनिटाला उघडते. परीक्षा केंद्रावरचा जुना कॉम्प्युटर, त्याच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला, सुरू केल्यावर तारीख दहा वर्षं मागची. मग ब्राउझर सुरक्षित जोडणीच नाकारतो आणि केंद्रप्रमुखांना वाटतं विद्यापीठाचं पोर्टल बंद पडलं. प्रत्येक यंत्राचं घड्याळ आपोआप सर्व्हरशी जुळत राहिलं पाहिजे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी वेळ जुळवायला सांगितलं आहे. विद्यापीठाने एक वेळ-सर्व्हर चालवला की महाविद्यालयांचं काम भागतं.

आमच्या महाविद्यालयाला एकच लॉगिन आहे. सगळे तेच वापरतात. चालेल?

चालणार नाही. गुण बदलले कुणी, हे नंतर सांगता आलं पाहिजे. एकच पासवर्ड पाच जणांकडे असेल तर संशय पाचही जणांवर येतो आणि त्यातले चार निर्दोष असतात. प्रत्येकाला स्वतःचं खातं, आणि माणूस बदलून गेला की त्याच दिवशी खातं बंद. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करू नका. त्यातून कीबोर्डखाली चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाढतात. लांब पासवर्ड आणि मोबाइलवरची दुसरी खातरजमा पुरेशी आहे.

व्यक्तीचं खातं एकदा नीट झालं की त्यावर बाकीचं उभं राहतं. एज्युरोम, म्हणजे विद्यापीठांचं सामायिक वायफाय, हे त्याचं सुंदर उदाहरण आहे. भारतात ते अर्नेट ही शैक्षणिक नेटवर्क संस्था चालवते. पुण्याचा संशोधक दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या सहभागी विद्यापीठात जातो, लॅपटॉप उघडतो आणि वायफाय जोडलं जातं. यजमान विद्यापीठ त्याचा पासवर्ड बघतही नाही. 'हा तुमचाच का?' एवढं ते त्याच्या घरच्या विद्यापीठाच्या सर्व्हरला विचारतं. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याचं इन्फेड नियतकालिकांसाठी याच तत्त्वावर चालतं. घरून शोधनिबंध वाचायला मिळतात ते त्याच्या बळावर. दोन्हींसाठी अट एकच, आपल्या घरचं खातेपुस्तक चोख हवं.

निविदेत काय लिहायचं?

तीन वाक्यं, आणि ती सोडून कुठलीही निविदा काढू नका. माहिती विद्यापीठाच्या मालकीची राहील. विद्यापीठ मागेल तेव्हा सर्व माहिती, रकान्यांच्या वर्णनासह, यूटीएफ-८ सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात जादा शुल्क न घेता मिळेल. कंत्राट संपल्यावर नव्या पुरवठादाराला माहिती सोपवून, ती तिथे उघडून दाखवेपर्यंत अंतिम देयक अदा होणार नाही. तिसऱ्या वाक्यावर पुरवठादार कुरकुरतात. कुरकुरू द्या. जुन्या विद्यार्थ्यांचे निकाल पंधरा वर्षांनी पडताळणीसाठी मागितले जातात आणि तेव्हा तो पुरवठादार बाजारात असेलच असं नाही.

प्रयोगशाळेतलं यंत्र जुन्या विंडोजवरच चालतं. ते फेकून द्यायचं का?

अजिबात नाही. लाखो रुपयांचा स्पेक्ट्रोमीटर उत्तम चालतो आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे गेलेलं नाही, हे रसायनशास्त्र विभागात नेहमीचं आहे. एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. अशा यंत्राची अपवाद-नोंदवहीत नोंद करायची: कुठलं यंत्र, जबाबदार कोण, अपवाद कोणत्या तारखेपर्यंत. त्याला नेटवर्कपासून तोडायचं आणि मोजमापं बाहेर न्यायला एक ठरलेला, तपासलेला पेनड्राइव्ह ठेवायचा. मुदत नसलेला अपवाद मात्र देऊ नका. तो कायमचा होऊन बसतो.

सूचना स्कॅन करून टाकली की झालं ना?

सहीशिक्क्याची प्रत म्हणून टाका, पण तिच्यासोबत मजकुराची प्रत हवीच. स्कॅन म्हणजे चित्र. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीनरीडर त्यापुढे गप्प बसतं. परीक्षेची तारीख बदलल्याचं त्याला मित्राकडून कळावं, हे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याला धरून नाही आणि माणुसकीलाही. आयएस १७८०२ हे सुगम्यतेचं भारतीय मानक यासाठीच आहे. पहिलं पाऊल सोपं आहे: वर्डमध्ये लिहिलेली सूचना छापून, सही घेऊन स्कॅन करताना मूळ फाइलचीही पीडीएफ काढून चढवा.

ग्रंथालयाचं काय?

ग्रंथपाल आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे मार्क २१ हे पुस्तकांच्या नोंदींचं मानक आहे, म्हणून सोल या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधून कोहा या दुसऱ्याकडे जाताना नोंदी सोबत येतात. बाकी विभागांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं.

विद्यार्थ्यांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवल्या तर?

नको. नाव, मोबाइल, जात प्रवर्ग, आधार असं सगळं एका फाइलमध्ये असतं आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे कुणाला नीट आठवत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर ही नुसती शिस्तीची बाब उरलेली नाही. पोर्टलवर चढवा, आणि जेवढं लागतं तेवढेच रकाने मागा. हे दुसरं विद्यापीठाला उद्देशून आहे: क्रीडा स्पर्धेच्या अर्जात आधार क्रमांक कशाला? यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं कळलं, तर सर्ट-इनला सहा तासांत कळवायचं असतं. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाकडे विद्यापीठाचा एक फोन क्रमांक हवा, जो रविवारीही उचलला जातो.

आमच्याकडे दुपारी वीज नसते, नेट रडतखडत चालतं. हे सगळं शहरातल्यांसाठी आहे का?

उलट मानक तुमच्यासाठीच आहे. दोडामार्गच्या लिपिकाने पोर्टलचं पान पाच वेळा उघडून भरण्यापेक्षा नमुना फाइल एकदा उतरवावी, वीज असेल तेव्हा भरावी, आपल्याच कॉम्प्युटरवर तपासावी आणि नेट मिळेल तेव्हा एका झटक्यात चढवावी. त्यासाठी तपासणीचा छोटा प्रोग्रॅम विद्यापीठाने द्यायला हवा, जो नेटशिवाय चालतो आणि मराठीत सांगतो: 'ओळ ४२, पीआरएन १५ अंकी आहे, १६ हवेत.' नुसतं 'अवैध फाइल' असं सांगणारं पोर्टल मदत करत नाही, ते माणसाचा दिवस खातं. मसुदा तयार करताना कुठल्याही एका गोष्टीवर पैसे खर्च करायचे झाले तर मी या तपासणीवर करेन.

स्वायत्त महाविद्यालयांना हे लागू आहे का?

परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची. म्हणून निकाल विद्यापीठाकडे पाठवायच्या जागेपुरतं पूर्ण लागू. आत काय वापरतात तो त्यांचा प्रश्न.

जुन्या फॉन्टमधल्या फायली आणि प्रबंधांचं काय करायचं?

युनिकोडआधीच्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये 'क' दिसतो तिथे फाइलच्या आत इंग्रजी 'डी' असतो. म्हणून ती फाइल फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की अगम्य इंग्रजी दिसतं, शोध लागत नाही आणि स्क्रीनरीडर तेच अगम्य इंग्रजी वाचून दाखवतो. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेत, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जातात. मराठी विभागाच्या प्रबंधाचं शीर्षक अशा फॉन्टमध्ये भरलं असेल तर तो प्रबंध तिथे असूनही कुणाला सापडत नाही.

प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून रूपांतरक निवडताना आधी फॉन्टचं नेमकं नाव बघा. रूपांतर झाल्यावर पहिल्या वेलांट्या आणि रफार तपासा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असायचा, युनिकोडमध्ये तो क्रम उलटा होतो आणि बहुतेक चुका तिथेच राहतात. 'विद्यार्थी' हा शब्द शोधून पाहा. त्यात दोन्ही आहेत. तो सगळीकडे नीट आला असेल तर पुढची फाइल घ्या. मूळ फाइल मात्र पुसू नका, फॉन्टसकट एका फोल्डरमध्ये जपून ठेवा.